आपले मत पेटीत टाकावे

एक ओळ सरळ राहावी म्हणून कानामात्राकाकांनी एक शब्द बदलला, आणि त्यापायी अख्ख्या इमारतीत निवडणूक लागली. उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलेल्या माणसाच्या हातून नेमकी शब्दाचीच चूक व्हावी, हे त्यांना अजूनही पटलेलं नाही. कोणी विषय काढला की ते चष्मा पुसायला घेतात.

कानामात्रा हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते निवृत्त झाले तरी खिशातलं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. इमारतीच्या सूचनाफलकावर 'पाण्याची टाकि धूण्यात येईल' असं काही दिसलं की त्यांचा हात आपोआप वर जायचा. आजूबाजूला कोणी नाही असं बघून ते टाकीला दीर्घ वेलांटी द्यायचे, धुण्याचा उकार ऱ्हस्व करायचे आणि चोरी केल्यासारखे जिना चढून घरी जायचे. हे कोण करतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक आहे, हे फक्त काकांना ठाऊक नव्हतं. या सूचना लिहिणारे सचिव मात्र प्रत्येक लाल खूण मनात जपून ठेवत होते.

तर काकांच्या मनात बरीच वर्षं एक जुना सिनेमा घोळत होता. 'रिकामे आसन' त्याचं नाव. जुनी, मध्ययुगातली म्हणतात तसली दंतकथा आहे. एका डोंगरी राज्याचा राजा दरबारात आपल्या सिंहासनाशेजारी एक आसन रिकामं ठेवतो. ज्याला राजाला काही खरं सांगायचं असेल त्यानं यावं, त्या आसनावर बसावं आणि बोलावं. शिक्षा नाही. एक दिवस परमुलखातला एक सरदार येतो, त्या आसनावर बसतो आणि बोलायच्या ऐवजी गातो. गाणं चांगलं असतं. फारच चांगलं असतं. मग राणीचं चित्त उडतं, मधे एक युद्ध होतं, तेही गाण्यातच, आणि शेवटी राणी सरदाराबरोबर जायचं ठरवते तेव्हा राजा स्वतःच्या हातानं किल्ल्याचा दरवाजा उघडून देतो. मग परत येऊन तो स्वतःच त्या रिकाम्या आसनावर बसतो आणि शेवटचं गाणं म्हणतो. दरबारात ऐकायला कोणी नसतं.

लग्नाआधी काकांनी हा सिनेमा इतक्या वेळा पाहिला होता की तिकीटखिडकीवरचा माणूस त्यांना बघून कोपऱ्यातली खुर्ची काढून ठेवायचा. लग्न झाल्यावर ते मोठ्या हौसेनं काकूंना घेऊन गेले. सगळं नीट चाललं होतं. शेवटचं गाणं सुरू झालं, राजा आसनावर बसला, आणि काकांनी सहज शेजारी पाहिलं तर काकूंची खुर्ची रिकामी. दिवे लागल्यावर बघतात तो काकू बाहेर फाटकाशी उभ्या राहून पुढच्या सिनेमाची जाहिरात वाचत होत्या. झाला का, असं त्यांनी विचारलं. झाला, असं काका म्हणाले. चला मग, असं काकू म्हणाल्या. त्या सिनेमाबद्दल नवराबायकोत झालेलं हे सगळं बोलणं. त्यानंतर मुलगी झाली, तिचं लग्न झालं, जावयाला टक्कल पडायला लागलं, पण विषय पुढे सरकला नाही.

काकू टेलिफोन खात्यात होत्या. ट्रंक कॉल जोडून द्यायचं काम. इकडचा माणूस तिकडे जोडायचा, मधलं कानावर पडलं तरी आपलं म्हणून त्यात काही घालायचं नाही, ही तिथली शिस्त. ती त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की घरातही त्या ऐकायच्या सगळं, पण विचारल्याशिवाय बोलायच्या नाहीत. वेळ भरली की बोलणाऱ्याच्या मधे येऊन 'तीन मिनिटं झाली, वाढवायचा का' असं विचारायची त्या काळी पद्धत होती. त्यातला पहिला अर्धा भाग काकूंनी घरात चालू ठेवला होता. काका ऱ्हस्वदीर्घावर रंगात येऊन बोलू लागले की विणकामातून मान वर न करता त्या म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली," आणि काका गप्प बसायचे. दुसरा अर्धा भाग घरी कधी वापरात आला नाही.

आता काकांची अडचण अशी की सिनेमातला राजा थोडासा काकांसारखाच होता. आवाज मऊ, पुस्तकांचं वेड, आणि ऐन वेळी शब्द न सुचणे. शिवाय काकूंच्या कार्यालयात तेव्हा एक इंजिनियर होता आणि तो स्नेहसंमेलनात गायचा. काका दोन आणि दोन चार करून बसले होते. एकेक मजकूर दोनदोनदा तपासणाऱ्या या माणसानं ही बेरीज मात्र कधी दुसऱ्यांदा तपासली नाही, की कोणाला तपासायलाही दिली नाही. 'तू तेव्हा उठून का गेलीस' एवढंच विचारायचं होतं. पण एवढंच कधी तोंडातून बाहेर पडलं नाही.

म्हणून त्यांनी उपाय असा काढला की इमारतीच्या सभागृहात तो सिनेमा सगळ्यांना दाखवायचा, मग सगळ्यांना अभिप्राय लिहून मागायचे, आणि त्या लाटेत काकूंनाही सहज म्हणायचं, सगळेच लिहिताहेत, तूही चार ओळी लिही. इतक्या सरळ बेतात काही बिघडेल असं त्यांना वाटलं नाही. भित्र्या माणसाला वाकडी वाट नेहमी सरळच दिसते.

पहिलं बिघडलं ते सचिवांच्या टेबलावर. सभागृह हवं तर छापील अर्जावर कारण लिहावं लागे आणि कारणं आधीच ठरलेली होती. वाढदिवस, व्यायाम, सर्वसाधारण सभा आणि शोकसभा. सिनेमा नव्हता. काकांनी अदबीनं विचारलं की 'इतर' असं एक खोडून घालता येईल का. सचिव म्हणाले की खाडाखोड करायची सवय काही लोकांना असेल, कार्यालयाला नाही. मग बराच विचार करून, व्यायामात तर सिनेमा बसत नाही, वाढदिवस कोणाचा नाही, आणि शेवट दुःखी आहे, असा हिशोब करून काकांनी शोकसभेवर खूण केली. सचिवांनी शांतपणे शिक्का मारला आणि दुसऱ्या दिवशी फलकावर सूचना लागली. 'रविवारी संध्याकाळी शोकसभा. रिकामे आसन. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. सचिवांनी या खेपेला शब्दकोश उघडला असावा.

त्यामुळे रविवारी सभागृह गच्च भरलं. लोक पडलेल्या चेहऱ्यानं आले, मागच्या रांगेत दबक्या आवाजात कोण गेलं याची चौकशी करू लागले. काहींनी तर इतक्या सहानुभूतीनं काकांचा हात हातात घेतला की काकांनाही क्षणभर आपलं कोणीतरी गेलं असावं असं वाटलं. जावयानं त्याच्या कार्यालयातून प्रोजेक्टर आणला होता, तो तारा जोडत होता. तेवढ्यात इमारतीचे अध्यक्ष उभे राहिले. अध्यक्ष म्हणजे लिफ्ट बसली त्या वर्षापासूनचे अध्यक्ष. कोण गेलं हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण अध्यक्षाला तेवढ्यानं अडून चालत नाही. गेलेली व्यक्ती इमारतीच्या सुखदुःखात सदैव सामील असायची, तिची जागा भरून येणं कठीण आहे, असं ते खणखणीत बोलले आणि डोळे टिपत खाली बसले. लगेच पडद्यावर तुताऱ्या वाजल्या आणि घोडे आले.

आता आपल्या आवडीची गोष्ट चारचौघांत बघणं म्हणजे आपल्या मुलीला बघायला आलेले लोक आपल्यादेखत तिच्या चालण्याबोलण्यावर बोलतात तसं आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंना राजाचे दात खटकले. त्या काळात या वयाला इतके दात शिल्लक राहणं शक्यच नाही, असं त्या अर्ध्या सभागृहाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या. तळमजल्यावर नव्यानं राहायला आलेला गाडी शिकवणारा गृहस्थ सरदाराच्या घोड्यावर नाराज होता. घोडा कुठलीही खूण न करता एकदम डावीकडे वळला होता. वकीलसाहेबांचं म्हणणं असं की राणीनं आधी रीतसर सोडचिठ्ठी घ्यायला हवी होती, पुढची सगळी गाणी त्याशिवाय बेकायदा आहेत. युद्धात दोन्ही बाजूंनी गायला सुरुवात केली तेव्हा कोणीतरी हसलं, आणि काका खुर्चीत जरासे खाली सरकले.

आणि शेवटचं गाणं आलं. काकांनी सवयीनं खिशातून रुमाल काढला. राजा आसनावर बसला. काकांनी शेजारी पाहिलं.

खुर्ची रिकामी होती. सभागृहाच्या मागच्या लहान खोलीतून कपबशांचा मोठा खडखडाट ऐकू येत होता. चहा सिनेमा संपल्यावर द्यायचा ठरला होता, त्याला अजून अवकाश होता, आणि बाकी सगळे, अगदी घोड्यावर रागावलेला तो गृहस्थसुद्धा, जागच्या जागी बसलेले होते. उठून गेलेलं एकच माणूस होतं. काकांची बेरीज दुसऱ्यांदा बरोबर आली.

त्या रात्री त्यांनी ठरवलं की आता अभिप्राय घ्यायचेच. निदान कळेल तरी. सकाळी त्यांनी एक पुठ्ठा घेतला, पेन्सिलीनं ओळी आखल्या आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'चित्रपट पाहिलेल्या सर्वांनी आपले अभिप्राय लिहून पेटीत टाकावे.' लिहून झाल्यावर लक्षात आलं की 'अभि' पहिल्या ओळीच्या टोकाला गेलं आहे आणि 'प्राय' खालच्या ओळीत एकटं पडलं आहे. ज्यांना असल्या गोष्टींचं काही वाटत नाही ते लोक सुखी असतात. काकांना त्या फुटक्या शब्दाकडे बघवेना. त्यांनी दुसरा पुठ्ठा घेतला आणि एक लहान, सुटसुटीत, ओळीत अलगद बसणारा शब्द घातला. 'चित्रपट पाहिलेल्या सर्वांनी आपले मत लिहून पेटीत टाकावे.' ओळ सरळ बसली. समास दोन्हीकडे सारखे. काका समाधानानं तो पुठ्ठा हातभर लांब धरून बघत राहिले.

पेटी सचिवांनी दिली. कपाटाच्या तळातून काढून, धूळ झटकून, एक अक्षर न बोलता दिली. तिच्या एका बाजूला जुन्या रंगात काहीतरी लिहिलेलं होतं, ती बाजू काकांनी भिंतीकडे केली. ती बाजू वाचायला हवी होती, कारण तिथं 'मतपेटी' असं लिहिलेलं होतं. फलकासमोर उभं राहून सचिवांनी काकांची सूचना दोनदा वाचली, खिशातून नवंकोरं लाल पेनही काढलं, पण हात घालायला जागाच नव्हती. ऱ्हस्वदीर्घ चोख होतं. त्यांनी पेन परत ठेवलं.

संध्याकाळी गाडी शिकवणारा गृहस्थ दारात आला. आत न येता त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "काका, उभं कोण कोण आहे?"

काकांना वाटलं सिनेमाबद्दलच विचारतोय. शेवटच्या प्रसंगात दरवाजाशी कोण उभं असतं ते आठवून ते म्हणाले, "राजा, राणी आणि सरदार. आणखी कोण असणार?"

"बरोबर," तो म्हणाला. "मला वाटलंच होतं." आणि अत्यंत अर्थपूर्ण मान हलवून गेला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. इमारतीच्या कार्यकारिणीची निवडणूक लवकरच व्हायची होती आणि वारं कुठल्या दिशेला आहे ते कोणालाच कळत नव्हतं. अशा वेळी फलकावर मत मागणारी सूचना आणि खाली कुलूपबंद मतपेटी दिसली की माणसं दंतकथेचा अर्थ लावू लागतात. तो लावायला फार वेळ लागला नाही. राजा म्हणजे अध्यक्ष. त्यांच्याही कार्यालयात तक्रारी सांगायला येणाऱ्यांसाठी एक खुर्ची ठेवलेली होती, फक्त तिच्यावर त्यांची पिशवी असायची. राणी म्हणजे दंतवैद्यबाई, ज्या यंदा स्वतः उभं राहायचं बोलत होत्या. आणि बाहेरून आलेला, न्हाणीघरात मोठ्यानं गाणारा सरदार कोण, हे सांगायची गरज नव्हती. काकांसारखा मुखदुर्बळ माणूस इतका खोल डाव खेळेल असं कोणाला वाटलं नव्हतं. जिन्यात लोक त्यांच्याकडे आदरानं बघू लागले. तो आदर कशाबद्दल ते न कळल्यानं काकांनी हजामत वेळच्या वेळी करायला सुरुवात केली.

मग सल्ल्यांची रीघ लागली. अध्यक्ष स्वतः येऊन बराच वेळ बसले आणि राजाच्या अनुभवाबद्दल बोलले. राज्य चालवणं म्हणजे गाणं म्हणण्याइतकं सोपं नाही, पाण्याची टाकी त्यांच्याच काळात आली, असं ते म्हणाले. काकांना सिनेमात टाकी आठवेना, पण कोणाचं मत खोडायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. दंतवैद्यबाईंनी त्यांचा दुखरा दात फुकट तपासला. तोंड उघडं असताना काकांना उत्तर देता येत नव्हतं, तेवढ्यात त्यांनी राणीची बाजू पूर्ण मांडली. बाईमाणसाला किल्ल्यात कोणी विचारतच नव्हतं, त्यामुळे आता बदल व्हायलाच हवा, आणि चूळ भरा. गाडी शिकवणाऱ्यानं सरदाराच्या वतीनं एवढंच सांगितलं की बाहेरच्या माणसाला आतले खड्डे जास्त दिसतात.

काका हरखून गेले. साठ वर्षांपूर्वीचा सिनेमा लोकांनी इतका मनाला लावून घ्यावा. त्यांनी दोन दिवस वाट पाहिली आणि मग, लाट आता पुरेशी उंच झाली असं वाटल्यावर, काकूंशी विषय काढायचा ठरवला. कागद आणि पेन्सिल त्यांनी काकूंच्या विणकामाच्या टोपलीशेजारी ठेवलीसुद्धा. घसा साफ केला. आणि दारावरची घंटा वाजली.

वकीलसाहेब होते. ते आत आले, कागद पेन्सिल पाहिली आणि गंभीर झाले. काका, तुम्ही काय करताय हे तुम्हाला कळतंय का, असं त्यांनी विचारलं. काकांना ते अगदी आत कुठेतरी लागलं, कारण हाच प्रश्न ते स्वतःलाही विचारत होते. वकिलांनी समजावून सांगितलं की पेटी ज्यानं मांडली तो निवडणूक अधिकारी. निवडणूक अधिकाऱ्यानं कोणाबद्दलही बरंवाईट बोलायचं नाही, राजा आवडतो असं चेहऱ्यावरही दिसू द्यायचं नाही, आणि घरातल्या माणसांना तर मताबद्दल चकार शब्द विचारायचा नाही. नाहीतर सगळं रद्द.

तेव्हा कुठं काकांना कळलं की निवडणूक आहे. हे अभिप्राय होते हो, ओळ फुटत होती म्हणून मी, असं ते सांगू लागले. वकिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे तुम्ही दुसऱ्या कोणापुढे बोलू नका, असं ते म्हणाले. कोणाचा विश्वास बसणार नाही, शिवाय आता अर्ध्या इमारतीनं मत टाकलंय.

अशा रीतीनं ज्या एका माणसाचं मत कळावं म्हणून हा खटाटोप होता, त्या माणसाला विचारायला काकांना कायद्यानं बंदी झाली. आयुष्यभर धीर नव्हता म्हणून विचारलं नाही, आता धीर आला तर परवानगी नाही. त्यांनी पेन्सिल उचलून परत खिशात ठेवली. काकूंनी विणकामातून एकदा वर पाहिलं आणि काही विचारलं नाही.

मतमोजणी सभागृहातच झाली. अर्जावर या खेपेला कारणाची अडचण आली नाही, सर्वसाधारण सभा असं सचिवांनी आपल्या हातानं लिहून दिलं. वकिलांनी कुलूप उघडलं, पेटी उलटी केली, आणि एकेक चिठ्ठी वाचायला घेतली. राजा. राणी. राणी. राजा. सरदार. राजा. एकानं घोड्याला मत दिलं होतं, त्यावर घोडा सभासद आहे का अशी चर्चा झाली. एका चिठ्ठीवर 'लिफ्टमधला दिवा बदला' असं होतं. आणि एका चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, 'बरा होता. मधे लांबला. गाणी चांगली.' कोणाच्या नावाचा उल्लेख नसल्यामुळे वकिलांनी ती बाद ठरवली. सगळ्या पेटीत सिनेमाबद्दल असलेली ती एकटीच चिठ्ठी. काकांनी ती हळूच उचलून खिशात घातली.

सरदार लवकर मागे पडला. राजा आणि राणी मात्र अगदी बरोबरीत निघाले. पुन्हा मोजलं, पुन्हा बरोबरी. सभागृहात कुजबुज वाढली. अध्यक्ष उभे राहिले, दंतवैद्यबाई उभ्या राहिल्या, आणि आपण बसलेलो बरं नाही दिसत म्हणून गाडी शिकवणाराही उभा राहिला. तेव्हा सचिव यादीवरून बोट फिरवत म्हणाले की एका घराचं मत आलेलंच नाही. काकांच्या.

सगळ्यांची तोंडं मागच्या रांगेकडे वळली. काकू तिथं विणत बसल्या होत्या. वकिलांनी आदल्या दिवशीची बंदी कशी निकालात काढली ते कोणाला नीट कळलं नाही, पण बरोबरी झाल्यास अधिकाऱ्याच्या घरचं मत चालतं, नव्हे घ्यावंच लागतं, असं एक पोटकलम त्यांना तिथल्या तिथे आठवलं. "काकू, तुमचं मत?" असं त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत काकांना जमलं नव्हतं ते वकिलांनी तीन शब्दांत उरकलं होतं, तेही सगळ्या इमारतीदेखत.

काकूंनी सुया मांडीवर ठेवल्या.

"माझं मत राजाला नाही," त्या म्हणाल्या.

दंतवैद्यबाईंच्या बाजूनं टाळ्या सुरू झाल्या. काकांनी जमिनीकडे पाहिलं. इथली फरशी बरीच जुनी झाली आहे, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

"राणीलाही नाही," काकू म्हणाल्या. टाळ्या थांबल्या. "राजा भला माणूस आहे हो. दरबारात खुर्ची मांडून बसतो. या, बसा, खरं काय ते सांगा. साऱ्या राज्याला विचारतो. पण घरात जाऊन बायकोला एकदा तरी विचारतो का, तुझं काय म्हणणं आहे? ती बिचारी वाट बघत असेल. तो दुसरा आला आणि त्यानं विचारलं. एवढंच झालं." त्यांनी सुया परत उचलल्या. "तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

हे मत कोणाच्या खात्यात धरायचं ते वकिलांना ठरवता आलं नाही. शेवटी निकाल राखून ठेवला आहे असं त्यांनी जाहीर केलं, आणि सगळे पराभूत झाल्याच्या समाधानात घरोघर गेले. खरी निवडणूक तिच्या वेळी झाली आणि अध्यक्षच पुन्हा निवडून आले. पण कार्यालयातल्या त्या खुर्चीवरची पिशवी मात्र दुसऱ्याच दिवशी दिसेनाशी झाली होती.

काका त्या संध्याकाळी घरी आले, चपला नेहमीच्या जागी ठेवल्या, आणि खुर्ची ओढून काकूंच्या समोर बसले. त्यांनी चष्मा काढला. समोरचं धूसर दिसलं की त्यांना बोलायला सोपं जात असे.

"तू तेव्हा उठून का गेलीस?"

"कधी?"

"तेव्हा. थिएटरात. शेवटच्या गाण्याला."

काकूंना आठवायला वेळ लागला नाही. "तुम्ही रडत होता," त्या म्हणाल्या. "तोंडात रुमाल धरून. आणि रुमालातनं पुढचं गाणंही आधीच म्हणायला लागला होता. पुढचा माणूस वळून बघायला लागला. म्हटलं, मी शेजारी असले तर यांना आणखी चोरट्यासारखं होईल. एकट्यानं रडू द्यावं. म्हणून उठले."

काका हातातला चष्मा पुसायला लागले. आपण रडतो हे कोणाला माहीत नाही, असं ते लाल पेनासारखंच आजवर धरून चालले होते.

"आणि परवा?"

"परवाही तेच. परवा तर सगळी इमारत होती. म्हणून कपबशा जरा जोरात वाजवल्या."

"आणि तुमच्या ऑफिसातला तो... इंजिनियर. गायचा तो."

"तो?" काकूंना हसू आलं. "त्याला आम्ही सगळ्याजणी राँग नंबर म्हणायचो. एक सूर जागेवर लागेल तर शपथ. त्याचं काय आता?"

काही नाही, असं काका म्हणाले. ती सगळी बेरीज खोडायला लाल पेनसुद्धा पुरलं नसतं.

"तुमच्या या रडण्यापायी शेवट काय होतो ते मला अजून माहीत नाही," काकू म्हणाल्या. "तो दरवाजा उघडतो तिथपर्यंत बघितलंय. पुढं काय?"

मग काका सांगू लागले. दरवाजा उघडतो, घोडे लांब जातात, राजा दरबारात येतो, मशाली विझत आलेल्या असतात. आधी तो सिंहासनाकडे जातो. मग थांबतो. तिथं किती वेळ थांबतो, आणि मागं नुसतं एकच वाद्य कसं वाजत राहतं, हे सांगताना ते हातवारे करू लागले, खुर्चीतून अर्धे उठले, आणि गाण्याच्या पहिल्या ओळीशी येऊन पोचले.

"तीन मिनिटं झाली," काकू विणकामातून मान वर न करता म्हणाल्या.

काका सवयीनं थांबले. हात हवेतच राहिला.

काकूंनी सुया खाली ठेवल्या आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"वाढवायचा का?"

"वाढव," काका म्हणाले, आणि रुमाल बाजूला ठेवला.